नातीची दाढ आणि माझी मिशरी

दाढ दुखत होती माझ्या नातीची आणि बोंबलत होतो आम्ही घरातले सगळे, कारण तिला बोलून सांगता येत नाही. ती नऊ वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात ऑटिझम, शाळेतल्या बाई म्हणतात स्वमग्न, आणि आमच्या खुटबावातली माणसं काय काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही, कारण मला त्यांच्या घरी अजून हळदी-कुंकवाला जायचं असतं.

गेल्या वर्षी थंडी सरत होती तेव्हा पोरीनं उजव्या गालावर स्वतःच्याच मुठीनं मारायला सुरुवात केली. आधी हळूच, मग गाल लाल होईपर्यंत. तिचं खाणं एरवीही मोजकंच. दूधभात, दुधात बुडवलेलं बिस्कीट, कधी इडली. जे पांढरं नाही ते तिला अन्न वाटत नाही. आता तेही तोंडात घेईना. घास ठेवला की मान फिरवायची आणि गालावर मूठ.

जो तो एकच सांगायचा, "आजारामुळं करती ती."

ह्या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. ताप आला तरी आजारामुळं, पोट दुखलं तरी आजारामुळं, रात्री झोपली नाही तरी आजारामुळं. जसं काही ह्या पोरीला एक आजार तेवढा दिला आणि बाकीचं शरीर द्यायचं देव विसरला! तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, मात्र पोरीवर नजर ठेवली. एकदा पोर जांभई देत होती तेव्हा मोबाईलची बॅटरी मारून तिनं तोंडात पाहिलं आणि मला हाक मारली.

"आत्या, मागची दाढ काळी पडलीय हिची. भोकच पडलंय."

इथं माझं ज्ञान बाहेर आलं. माझं माहेर शिरूरकडचं, केंदूरचं. आता भाऊ कांदा लावतात, पण मी लहान होते तेव्हा वाड्याभर मेंढरं होती. मेंढीचा ओठ वर करून तिचं वय सांगायला मी परकर नेसायच्या आधी शिकले. पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात जोडी-जोडीनं येतात. दोन आले की दोनदाती, चार आले की चारदाती. बाजारात व्यापारी आमच्या आप्पांना फसवायला बघायचा, तेव्हा आप्पा मला पुढं करायचे आणि मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "चारदाती हाय, दोनदाती न्हाई!" तेव्हापासून मला असा भ्रम आहे की जगातलं कुठलंही तोंड मला कळतं.

तर मी नातीचे पुढचे दात आठवले. पुढचे काही पडून नवे आले होते, बाकीचे हलत होते. मी जाहीर केलं, "अगं, अजून चारदाती हाय पोरगी. मागचं सगळं दुधाचंच हाय. पडंल आपोआप."

सून माझ्याकडे बघत राहिली. ती कॉलेज शिकलेली आहे, पण सासूशी मेंढरांवरून वाद घालणार कोण?

शेजारच्या घरात माझी थोरली जाऊ राहते. ती दुसऱ्या दिवशी चहाला आली आणि तिनं तिचं औषध सांगितलं.

"चिमूटभर मिशरी दाब दाढंत. किडा मरंल."

"नऊ वर्षांची हाय ती, बाई."

"तू किती वर्षांची होतीस मग?"

मी लग्न होऊन आले तेव्हा सोळाची होते, दाढ ठणकायला लागली, आणि सासूबाईंनी तव्यावर काळी कुळकुळीत भाजलेली तंबाखू चुरून माझ्या दाढेत दाबली. डोकं गरगरलं, मी अंगणात बसले, आणि दुखायचं थांबलं. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आपण आता बाई झालो, असं वाटलं. रोज सकाळी ओट्यावर बसायचं, डाव्या तळहातावर मिशरी घ्यायची, उजव्या बोटानं दात घासत गल्लीतल्या बायकांशी बोलायचं, आणि मधूनच ओठ चिमटून लांबवर पिचकारी टाकायची. माझी पिचकारी तुळशीपलीकडं जायची. ह्याची मला ऐट होती! दुसऱ्या बायका पोरांच्या, सोन्याच्या ऐटीत असायच्या, मी थुंकण्याच्या. दाढ पुढं दोन वर्षांत तुकडे तुकडे होऊन पडली, पण मिशरी राहिली ती राहिलीच.

मिशरी नातीच्या तोंडात घालायला मात्र मी नाही म्हटलं. मुलाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिला तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही. बाहेरच्या पाटीवर हसणारा दात काढला होता आणि खाली लिहिलं होतं, लहान मुलांवर प्रेमाने उपचार.

प्रेमानं आधी दोन तास बसवलं. आत मशीन किरकिरत होतं. त्या आवाजानं माझ्या जबड्यात कळ गेली, मग हिचं काय झालं असेल? हिला घरात कुकरची शिट्टी सहन होत नाही. वरची ट्यूब फडफडत होती, समोर टीव्हीवर कुणीतरी नाचत होतं. सून दोनदा उठून काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "आमच्या मुलीला गर्दीचा त्रास होतो, जरा आधी घ्याल का?" ती म्हणाली, "सगळ्यांनाच घाई आहे, मॅडम."

आमचा नंबर आला तेव्हा पोरगी खुर्चीखाली शिरली होती. डॉक्टरांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "पकडा. मम्मी हात, पप्पा डोकं, आजी पाय."

आणि मी पाय धरले. मेंढी कातरायची असली की चारी पाय एकत्र धरतात, तसे धरले. हाताला सवय होती. मेंढी थोडी धडपडते आणि मग अंग सोडून देते. ही सोडत नव्हती. हिच्या घशातून जो आवाज आला तो मी गेल्या नऊ वर्षांत ऐकला नव्हता. डॉक्टर दातांच्या मध्ये काहीतरी घालून तोंड फाकवायला गेले आणि हिनं त्यांचं बोट चावलं. बरं केलं. मी आजी आहे म्हणून लिहिते, बरं केलं.

"घरी काही शिकवत नाही का तुम्ही?" डॉक्टर बोट झटकत म्हणाले. "असले पेशंट आणायचे तर पुण्याला न्या. आणि एवढा तमाशा कशासाठी? दुधाचे आहेत. पडतील."

मुलगा मान खाली घालून उभा होता. कुरकुंभच्या कंपनीत तो पंचवीस माणसांची शिफ्ट चालवतो, पण पांढरा कोट दिसला की त्याचा आवाज जातो. सून रडत होती. मी पाय सोडले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बघितलं कुठं? ब्याटरी तरी मारली का?"

"आजी, तुम्ही बाहेर थांबा."

"थांबते की. पण बघितलं कुठं ते सांगा."

त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

त्या दिवसानंतर पोरीच्या तोंडाजवळ चमचा नेता येईना. माझा नुसता हात गालाकडं गेला तरी ती भिंतीला चिकटायची. गाल सुजला. गावातल्या डॉक्टरांनी सूज उतरायचं औषध दिलं, ते दुधातून कसंबसं गेलं. ते म्हणाले, "हे तात्पुरतं आहे. दाढेचं काही केलं नाही तर पुन्हा सुजणार, आणि पसरलं तर अवघड आहे." म्हणजे दाढ बघायलाच हवी, आणि पोरगी तोंड उघडणार नाही. धरून उघडलं तर पुढं आयुष्यभर उघडणार नाही. आम्ही ह्या दोन्हींच्या मध्ये अडकलो.

सुनेच्या फोनवर अशा मुलांच्या आयांचा एक ग्रुप आहे. तिथं तिला दौंडच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळाला. तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला तो इतका कोवळा, की मला वाटलं डॉक्टरांची मुलगीच बोलतेय.

"पहिल्या दिवशी तोंड उघडायला आणू नका," ती म्हणाली. "नुसतं फिरायला आणा. दुपारी, मी एकटी असते तेव्हा. मशीन बंद ठेवते. आणि मला एक सांगा, घरात ती कुणाचं बघून काही करते का?"

सून माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. "आत्यांचं. त्या सकाळी मिशरी लावतात, तेवढं टक लावून बघते. शेजारीच बसते."

"मग आजींना खुर्चीत बसवू या."

"मला?" मी फोनवरच ओरडले. "माझं काय दुखतंय?"

"इतकी वर्षं मिशरी लावून काही दुखत नसेल, तर मलाच बघायचंय, आजी."

मुलगा मागं जेवत होता. तो म्हणाला, "आई, म्हशीला इंजेक्शन द्यायचं असलं की तू शेपूट धरायला पुढं असतीस. आता काय झालं?"

"म्हशीला देतात ते. मला न्हाई."

त्या बाईंनी आणखी एक सांगितलं. ब्रश आजीनं करायचा, नातीसमोर. पेस्ट फार तिखट लागणारी नको, फेसाची नको, आणि वाटाण्याएवढीच. ब्रश मऊ. आजवर आम्ही पोरीचे दात कसे घासायचो? एकानं हात धरायचे, एकानं ब्रश घुसवायचा, ती किंचाळली की मी बिस्कीट द्यायचे. बक्षीस म्हणून! रोजची लढाई आणि वर दाताला साखर. जी पेस्ट आम्ही वापरायचो ती मी एकदा स्वतः जिभेवर ठेवली तर डोळ्यांत पाणी आलं. आणि ह्या पोरीला आम्ही हट्टी म्हणायचो.

तर मी मिशरी बंद केली. पहिले काही दिवस माझं डोकं असं उठलं, की कोंबड्यासुद्धा माझ्या वाटेत येईनात. जाऊ ओट्यासमोरून गेली, माझ्या तोंडात ब्रश बघून थांबली.

"अगं बया! दुसरं लगीन ठरलंय का काय?"

"व्हय. तुझ्याच दिरासंग. पहिल्या खेपंला त्याला दात पसंत न्हवते."

पण खरी गडबड वेगळीच झाली. नातीला ब्रश मान्य होईना. मी ओट्यावर ब्रश घेऊन बसले की ती आत जायची, फडताळातली माझी मिशरीची डबी आणायची, माझ्या मांडीवर आपटायची आणि ओरडायची. सकाळ म्हणजे डबी, डबी म्हणजे आजीचा तळहात, तळहात म्हणजे बोट. ह्यातलं काही बदललं तर तिच्या जगाचा एक खांब हलतो. ते माझ्या ध्यानात यायला तीन-चार सकाळी गेल्या. तोवर मी तिच्याशी भांडत होते. माझं डोकं दुखत होतं, तिची दाढ दुखत होती, आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून एकमेकींवर ओरडत होतो. गल्लीची चांगली करमणूक झाली.

सुनेच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आत्या, डबी राहू द्या की. आतलं बदला."

जुन्या डबीला घासूनही वास जाईना, म्हणून मुलानं दौंडच्या भांड्याच्या दुकानातून तसलीच गोल डबी आणली. तीत सुनेनं ती फिकी पेस्ट भरली. दुसऱ्या दिवशी मी पूर्वीसारखी बसले. डबी उघडली. डाव्या तळहातावर पेस्ट घेतली, उजव्या बोटानं दातांना लावली, इकडं घास तिकडं घास, आणि शेवटी ओट्याशेजारच्या मोरीकडं तोंड करून थुंकले. पोरगी शेजारी. तिनं डबीत वाकून पाहिलं. पांढरं होतं. तिच्या पसंतीचा रंग! तिनं बोट बुडवलं, वास घेतला, आणि पुढच्या दातांना लावलं. मग मोरीकडं तोंड करून थुंकली. काही बाहेर पडलं नाही, पण ऐट माझीच होती. सून दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, न जाणो पोरीचं लक्ष जायचं. बोटावरून ब्रशवर यायला पुढं महिना गेला, पण तो ब्रश तिनं स्वतःच्या हातानं धरला.

दौंडच्या दवाखान्याचंही तसंच. पहिल्या दिवशी ती दारातच राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिला हाकसुद्धा मारली नाही. मी खुर्चीत बसले. खुर्ची मागं झुकायला लागली तशी मी दोन्ही हातांनी दांडे धरले.

"आजी, घाबरलात?"

"न्हाई. पडायला नको म्हणून धरलंय."

ती प्रत्येक वस्तू आधी दाखवायची. आरसा हातात द्यायची, पाण्याची नळी बोटावर सोडून दाखवायची, मगच तोंडात. माझं तोंड तिनं आरशानं इकडून तिकडून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, नातीपेक्षा तुमच्याकडं जास्त काम आहे." आणि खरडायला बसली. कित्येक वर्षांचा काळा थर निघत होता, आणि मला वाटत होतं की माझे दातच निघाले. दोन ठिकाणी गालाच्या आतली कातडी पांढरी झाली होती, तीही तिनं पुण्याला तपासून घ्यायला लावली. आता ठीक आहे, पण मिशरी पुन्हा शिवायची नाही, अशी तंबी आहे.

आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. पोरगी दारातून टेबलापर्यंत आली, मग गोल फिरणाऱ्या स्टुलापर्यंत. स्टुलावर तिनं गिरक्या घेतल्या, डॉक्टरीणबाई बाजूला उभी. कुणी म्हणालं नाही, उतर. एका दुपारी मी खुर्चीतून उठले आणि ती जाऊन बसली. अगदी माझ्यासारखे दांडे धरून. आरसा तिनंच उचलला, बाईंच्या हातात दिला, आणि तोंड उघडलं.

सुनेनं माझं मनगट इतकं आवळलं, की बांगडी रुतली.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आमच्याकडं वळून सावकाश म्हणाली, "ही दुधाची नाही. पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागं येते. तिच्या जागी काही पडलेलं नसतं, म्हणून लोकांना वाटतं दुधाचीच. ही गेली तर पुन्हा येणार नाही."

घरी येताना गाडीत मला माझंच बोलणं आठवत होतं. चारदाती म्हणे! सगळ्या बाजाराला ओरडून सांगणारी मी, मेंढीचे पुढचे दात बघून मागची दाढ सांगायला निघाले होते. मला स्वतःचं हसूही आलं आणि ते लगेच विझलंही. कारण मी मेंढरांवरून बोलले. तो पांढरा कोटवाला कशावरून बोलला? मी ज्या शाळेत शिकले तिथं मेंढ्यांच्या तोंडापलीकडं काही शिकवलं नाही. त्याला तर पाच वर्षं माणसांचीच तोंडं शिकवली. त्यानं दाढ पाहिलीच नाही. पोरगी बघून ठरवलं, की हिचा दात असला काय आणि नसला काय. मला हे आजही गिळवत नाही. त्या दिवशी पाच मिनिटं खाली वाकला असता, तर एवढंसं भोक बुजवून काम झालं असतं. आता कीड आत दाढेच्या नसेला जाऊन भिडली होती.

आणि तो एकटा नाही. सुनेच्या ग्रुपमधल्या बायका जे लिहितात ते ती मला वाचून दाखवते. कुणाच्या पोराला बांधून दात काढला. कुणाला सरळ सांगितलं, असल्या मुलांना आम्ही घेत नाही. कुणी पोराला घेऊन तालुक्यापासून पुण्यापर्यंत फिरतंय. दात सगळ्या पोरांना येतात की हो! त्यांना दुखतंसुद्धा. फक्त ह्यांना "दुखतंय" म्हणता येत नाही, म्हणून ह्यांचं दुखणं खोटं?

नस साफ करून दाढ वाचवायची, आणि तिनं ऐकलं नाही तर पुण्याला नेऊन भूल द्यायची, असं ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आधी इथंच बघू. अशा पोरांना अंगावर भार असला की बरं वाटतं म्हणून तिनं दोन-तीन दुधाच्या पिशव्यांएवढं जड एक पांघरूण पोरीच्या छातीवर टाकलं, कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावली. मग तिचा डावा हात धरून वर केला आणि मशीनच्या पेडलवरचा पाय काढला. घर्रर्र बंद. हात खाली, मशीन सुरू. हात वर, बंद. असं तोंडाबाहेरच, हवेत, बऱ्याचदा करून दाखवलं.

दाढ बधिर करायच्या सुईचं कसं जमलं, ते मला अजूनही कळलं नाही. मग मशीन तोंडात गेलं. क्षणभरात पोरीनं हात वर केला. मशीन थांबलं.

ती छताकडं बघत होती. हात खाली आणला. मशीन सुरू झालं. लगेच हात वर. थांबलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. दुखत नव्हतं तिला, तोंडावरून कळत होतं. ती तपासत होती. खरंच थांबतात का ही माणसं, की आपलं सांगायचं म्हणून सांगितलं? मी इतक्यांदा तिचं किंचाळणं कानाआड केलं होतं, की मला पायाखालची फरशी बघावीशी वाटली.

"बाई, असं केलं तर संध्याकाळ होईल तुम्हांला," मी म्हणाले.

"होऊ द्या," डॉक्टरीणबाई म्हणाली. मास्कवरचे तिचे डोळे पोरीच्या हाताकडं होते.

हात आणखी काही वेळा वर गेला. दर वेळी मशीन थांबलं. मग तिनं तो हात पोटावर ठेवला, दुसरा त्याच्यावर ठेवला, आणि तोंड आणखी मोठं उघडलं.